तिसऱ्या गोलकीपरची मान

१ जुलै, मंगळवार
रोजनिशी सुरू. ही कोणाला दाखवायची नाही. पुढे माझ्यावर कोणाला पुस्तक लिहायचं असेल तर त्याने स्वतः कष्ट करावेत.

आज होखलिंगन शहराच्या फुटबॉल क्लबात दाखल झालो. स्टेडियम साठ हजारांचं. आमच्या गावात माणसं आठशे आणि गाई दोन हजार, म्हणजे गाई आणून बसवल्या तरी एक कोपरासुद्धा भरायचा नाही. मी तिसरा गोलकीपर. सध्यापुरता.

ड्रेसिंग रूमच्या दारात पाऊल टाकलं आणि मागून मानेवर फाडकन चापट बसली. डोळ्यांपुढे काजवे. वळून बघतो तर फोल्कर श्टेंझेल. एक नंबरचा गोलकीपर, वय छत्तीस, हात कसले, फावडीच. म्हणाला, "आत हो रे गाईवाल्या. दारात उभा राहिलास तर वारा अडतो." सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या दिवशी एवढं चालवून घ्यायचं असतं.

संकल्प: १) शांत राहणे. २) कोणालाही न दुखावणे. ३) नाताळच्या आत श्टेंझेलची जागा घेणे.

२ जुलै
सकाळी चापट. श्टेंझेल गोलकीपर लोकांना रोज मारतो म्हणे. दुसरा गोलकीपर बोंगार्ट सहा वर्षं खातोय. त्याची मान एका बाजूला कलली आहे, पण तो म्हणतो ती जन्मापासून. वर मला सांगतो, "ज्या दिवशी तो मारणार नाही ना, त्या दिवशी बॅग भर." गुलामी माणसाच्या किती अंगवळणी पडते ते पाहून वाईट वाटलं.

गोलकीपरना शिकवणारे प्रिबिल मास्तर पाच मीटरवरून चेंडू मारतात. आज चाळीस मारले. अकरा माझ्या तोंडावर लागले. म्हणजे अकरा गोल वाचले. बाकीच्यांची नोंद ठेवायची इथे पद्धत नाही. समोरच्या दाताचा टवका गेला. मास्तर म्हणाले, "अरे, हात कशाला दिलेत देवाने?" म्हटलं, "हात फेकीसाठी राखून ठेवलेत." मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. छाप पडली असणार.

४ जुलै
आज फेक दाखवली.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरणं गोठली की शिसं भरलेला लाकडी गोळा फेकायची स्पर्धा असते. आठ पावलं पळायचं, हात खांद्यातून पुरा गरगर फिरवायचा आणि सोडायचा. गोळा पडेल तिथे लाल निशाण रोवतात. माझे आजोबा हाये यांचं निशाण चौतीस वर्षं कोणाला ओलांडता आलं नाही. हात फिरवायला त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्या दृष्टीने फुटबॉल म्हणजे ज्यांना फेकता येत नाही त्यांचा खेळ.

तर मी चेंडू झेलला, आठ पावलं पळालो आणि सोडला. पंचेचाळीस मीटर! गेला तो थेट आमचा कॅप्टन रोलॉफ याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला. रोलॉफ झाड तोडल्यासारखा आडवा झाला. पंचेचाळीस मीटरवरून एवढं लहान डोकं टिपणं सोपं नाही, पण हे कोणाच्या तोंडून निघालं नाही. शुद्धीवर आल्यावर तो तेवढेच पंचेचाळीस मीटर पळत आला आणि माझ्या पोटात गुडघा घातला. बचावपटूच्या मानाने वेग उत्तम आहे.

प्रिबिल मास्तर ओरडले, "पुन्हा असं फेकलंस तर हात खांद्यातून उपटीन आणि त्याच हाताने तुला बडवीन!" जुनी पिढी नव्याला बिचकतेच.

८ जुलै, सराव शिबिर
इथे नव्या खेळाडूने जेवताना खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं असतं. इतर नवे दोन ओळी म्हणून खाली बसले. मी आमच्या किनाऱ्यावरच्या पुराचं गाणं निवडलं. चौदा कडवी. बुडालेल्या प्रत्येक गावाला एक.

तिसऱ्या कडव्याला पाव आले. पाचव्याला उकडलेले बटाटे. सातव्याला रोलॉफने मोहरीची बरणी मारली, ती कपाळाला लागली. रक्त आणि मोहरी डोळ्यांत. तरी नवव्यापर्यंत गेलो. मग कोणीतरी खुर्चीच ओढली. पडताना मी टेबलावरचं सूपचं भांडं धरलं. ते फिजिओच्या मांडीवर गेलं.

कपाळाला चार टाके. घालताना डॉक्टर गेरलाखबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी कपाटात वेगळा खण केलाय हं." नावाची चिठ्ठीही लावली आहे. तिसऱ्या गोलकीपरला असा मान कुठे मिळतो?

टीप: उरलेली पाच कडवी नंबर एक झाल्यावर म्हणणे.

९ जुलै
चापट. टाके ताजे असल्याने श्टेंझेलने जरा खाली मारली. शिस्तीत सांगायचं ठरवलं होतं की हे बंद करा. सांगणार तेवढ्यात दुसरी बसली. म्हणाला, "ही कालच्या गाण्याची." नंतर सांगेन.

२३ ऑगस्ट, शनिवार
लीगची पहिली मॅच. मी बाकावर नाही, बाकाच्या मागे. जिंकलो. नंतर सगळे मैदानाच्या दक्षिण टोकाला गेले. तिथले लोक मॅचभर उभे असतात, त्यांच्यासमोर उंच जाळी आहे. जिंकलं की श्टेंझेल जाळीवर चढतो, भोंगा घेतो आणि वीस हजार लोक तो म्हणेल ते ओरडतात. त्यांचा म्होरक्या माकोश्के, भुवई तुटलेला, मानेवर क्लबचं चिन्ह गोंदलेलं. त्याने श्टेंझेलच्या तोंडावर प्रेमाने गुद्दा मारला. श्टेंझेलने परत मारला.

मी खालून बघत होतो. अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर रडू आलं. एकदा तिथे चढायचं आहे. बाकी काही नको.

जाळीवर चढायची सवय व्हावी म्हणून उद्यापासून खोलीतल्या कपाटावर चढणे.

२४ ऑगस्ट
कपाट पडलं. बरगडीला मुका मार. कपाटाचं काम निकृष्ट.

१४ सप्टेंबर, रविवार
आज बोंगार्टला चहाला बोलावलं. संघभावना. येत्या शनिवारी ब्रेखेनशी मॅच. ब्रेखेन दहा मैलांवर, शंभर वर्षांचं वैर. त्या दिवशी आमच्या शहरात दातांचे डॉक्टर सुट्टी घेत नाहीत.

चहा आमच्या पद्धतीने केला. खडीसाखर, वर साय, ढवळायचं नाही. तीन कपांच्या आत उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. बोंगार्टने पाच घेतले. सहाव्याला कपावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस झालं रे बाबा." आता आमच्याकडे नको असेल तर चमचा कपात उभा ठेवतात. हात ठेवत नाहीत. चमचा बशीत होता. मी ओतला.

त्याचा उजवा पंजा चांगलाच भाजला. त्याने डाव्या हाताने माझ्या कानशिलात दिली, मग किटली उचलली. किटली आजीची होती म्हणून मी डोकं पुढे करून वाचवली. डोक्याला खोक, किटली शाबूत.

चमच्याचं एवढं साधं याला कळू नये! शहरातली माणसं शिकलेली असतात, पण रीतभात शून्य.

१५ सप्टेंबर
बोंगार्ट सहा आठवडे बाहेर. म्हणजे मी दुसरा. सकाळी चापट जोरात बसली. श्टेंझेल म्हणाला, "आता मला चहाला बोलावू नकोस." म्हटलं, "अहो, असं कसं, एकदा या." तिथेच दुसरी.

१८ सप्टेंबर, गुरुवार
लिहिताना दोनदा पेन्सिलचं टोक मोडलं. आनंदाने. नाही, दुःखाने. आधी दुःख लिहितो.

सरावाआधी दुसऱ्या गोलकीपरने पहिल्याकडे चेंडू टाकून त्याचे हात गरम करायचे असतात. मी टाकत होतो, अगदी हळू, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे. श्टेंझेल म्हणाला, "जेवला नाहीस का रे? जोर लाव." एक नंबर सांगतोय म्हटल्यावर मी आठ पावलं मागे गेलो. मास्तरांचं लक्ष नव्हतं.

आवाज आला तो मी आधी फळी मोडल्याचा समजलो. अंगठा मागच्या बाजूला वळून मनगटाला टेकला होता. श्टेंझेल ओरडलाही नाही. हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चालत आला आणि डाव्या हाताने मानेवर दिली. आजवरची सगळ्यात मोठी. मी गुडघ्यावर आलो.

मग माझ्याशेजारी खाली बसला आणि हळू बोलला, "ऐक पोरा. शनिवारी तू आहेस. दुसरं कोणी उरलंच नाही. चेंडू आला की अंगाखाली घे, मग जमिनीवरून सोड. घरंगळत. लहान मुलाला देतात तसा. फेकायचा नाही. कळलं? फेकायचा नाही." मी हो म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अंगठ्यामुळे असेल.

आता आनंद. मी नंबर एक! नाताळ म्हटलं होतं, सप्टेंबरातच झालो.

प्रिबिल मास्तर आले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर गुद्दे मारून गेले. शुभेच्छा म्हणून असणार, कारण दुसरा गुद्दा थोडा हलका होता.

संध्याकाळी आजोबांना फोन केला. शनिवारी येतो म्हणाले. गाव सोडून ते एकदाच गेले होते, दाढ काढायला. विचारलं, "फेकणार ना?" सांगायचा प्रयत्न केला की इथे घरंगळत सोडतात. ते म्हणाले, "घरंगळत आणलेलं बघायला आठ तास गाडीत बसू? घरी गाईएवढा गवताचा भारा पडलाय उतारावर, तोही घरंगळतोच." म्हटलं, "फेकीन आजोबा. एक तरी."

एका फेकीने काय बिघडतं.

१९ सप्टेंबर
कॅप्टन रोलॉफने कॉलर धरून भिंतीला लावलं. म्हणाला, "उद्या तुझ्या हातातून चेंडू माझ्या डोक्याच्या उंचीवर आला ना, तर मी गोलकडे बघणार नाही, तुझ्याकडे येईन." माझ्याकडे सगळ्यांचं किती लक्ष आहे!

संकल्प: उद्या जिंकल्यावर जाळीवर चढताना डावा पाय आधी. ओरडायची वाक्यं पाठ करणे.

२० सप्टेंबर, शनिवार, सकाळ ९
मॅचआधी संघ हॉटेलात राहतो. श्टेंझेल अंगठा प्लास्टरमध्ये घालून तिथे आला, मुद्दाम चापट मारायला. दोन मारल्या. एक आजची, दुसरी लागली तर असू दे म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळ ७
क्रमाने लिहितो. घाई करायची नाही.

पाऊस. बसवर ब्रेखेनच्या लोकांनी बाटल्या मारल्या, एक काच फुटली. वातावरण छान होतं. आजोबा उत्तरेच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, डोक्यावर निळी टोपी. लाल निशाण बरोबर आणलं होतं. काठी दारावर काढून घेतली, नुसतं फडकं उरलं.

नववं मिनिट. ब्रेखेनच्या फॉरवर्डने तीन मीटरवरून मारलेला तोंडाने अडवला. नाक मोडलं. गेरलाखबाई पळत आल्या, दोन बोळे कोंबून गेल्या. जाताना माझ्या खणात आता जागा उरली नाही म्हणाल्या.

एकतिसावं मिनिट. कॉर्नर. मी बाहेर येऊन दोन्ही मुठींनी ठोसा लगावला. चेंडू आणि रोलॉफचा जबडा एकाच वेळी. चेंडू मैदानाबाहेर, रोलॉफही मैदानाबाहेर. स्ट्रेचरवरून जाताना काहीतरी सांगत होता, पण जबडा हलत नव्हता.

त्रेसष्टावं मिनिट. पुन्हा तोंडाने. बोळे उडाले.

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य! दक्षिणेची सगळी जाळी माझं नाव ओरडत होती. "ओक्को! ओक्को!" वीस हजार लोक. नाकातून, ओठातून रक्त गळत होतं, हातमोजे लालभडक, आणि मी एवढा सुखात जन्मात नव्हतो. बाकावर श्टेंझेल उभा राहून प्लास्टरने छप्पर बडवत होता.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. क्रॉस आला. मी उडी मारून झेलला. हातांनी! समोर ब्रेखेनचे सगळे आमच्या अर्ध्यात अडकलेले आणि आमचा विंगर एकटा पलीकडे मोकळा. पन्नास मीटर. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत आजोबा उठले. त्यांनी फडकं वर धरलं. आमच्याकडे फेकणाऱ्याला तसंच सांगतात, की रस्ता मोकळा आहे, सोड.

मी आठ पावलं मागे गेलो. मागे जाता जाता गोललाइनला टेकलो. मास्तर ओरडत होते. श्टेंझेल ओरडत होता. सगळ्या स्टेडियममध्ये एकच शब्द ऐकू येत होता, मला वाटलं तो "फेक" आहे.

पळालो. तिसऱ्याच पावलाला हात फिरला. खांदा उत्तम, कोपर उत्तम, सगळं आजोबांनी शिकवलं तसंच. फक्त पाऊस आणि रक्त. हात वर मागे गेला तेव्हा वजन होतं, खाली आला तेव्हा नव्हतं.

पुढे बघितलं. चेंडू कुठेच नाही. केवढा लांब गेला म्हणून मी टाचा उंचावून बघत होतो. मग मागे जाळं हलल्याचा आवाज ऐकला.

शून्य-एक. तसंच संपलं.

तरीही नोंद करून ठेवतो की चेंडूचा वेग असामान्य होता.

संध्याकाळ ७.४०
जाळीचं राहिलं. मॅच संपल्यावर माकोश्केने बोटाने खूण करून मला बोलावलं. बाकी कोणाला नाही. चांगल्या खेळाची कदर ही माणसं करतात, असं मला त्या क्षणी वाटलं. डावा पाय आधी टाकून चढलो. वीस हजार लोक आणि चिटपाखराचा आवाज नाही. आता गुद्दा येणार म्हणून मी तोंड पुढे केलं. त्याने भोंगा दिला नाही. गुद्दाही मारला नाही. हळू आवाजात, मुलाला सांगावं तसं म्हणाला, "शर्ट काढून ठेव हं बाळा. तो आमचा आहे." मी काढला. त्याने नीट घडी घातली.

ड्रेसिंग रूममध्ये उघड्या अंगाने गेलो. सगळे होते. दारात उभा राहिलो, वारा अडवून. कोणी काही फेकलं नाही. बूट नाही, बाटली नाही. प्रिबिल मास्तरांनी टॉवेल दिला. हातात दिला.

२१ सप्टेंबर, रविवार
आजोबांना स्टेशनवर सोडलं. गाडी यायची होती. त्यांनी विचारलं, "किती गेला?"
"पाच मीटर असेल."
"मागे गेलेला धरत नाहीत," म्हणाले. निशाणाचं फडकं घडी घालून खिशात ठेवलं. गाडी आली तेव्हा माझ्या मोडक्या नाकाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "थंडीत ये. गोळा कोरडा असतो." हात मात्र खिशातच होते.

२२ सप्टेंबर, सोमवार
क्लबने दुसऱ्या देशातून गोलकीपर मागवला. उद्या येतोय. माझं पत्र ऑफिसात तयार आहे म्हणे. ते नंतर घेईन, घाई नाही. एका मॅचवरून माणूस ठरत नसतो. थोडा वेळ द्यावा लागतो.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. श्टेंझेल आला, प्लास्टरचा हात गळ्यात, डावा मोकळा. मी त्याच्या वाटेत खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. मान पुढे. केस आधीच बाजूला केले होते. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पावलं माझ्याजवळ थांबली. मी डोळे मिटले.

श्टेंझेल म्हणाला, "माफ करा, आपण जरा बाजूला होता का? मला जायचंय."